बागेतली आगगाडी आणि तिचे शेजारी

खेळण्यातली आगगाडी दिवाणखान्यातून उचलून बागेत नेली, की तिला ऊनपाऊस लागतो आणि शेजारीही मिळतात. इंग्लंड-जर्मनीत हा छंद जुना आहे. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ साली ४५ मिलिमीटर रुळांतराची, उघड्यावर चालणारी गाडी बाजारात आणली, आणि तो अधिकच फैलावला. मीटरगेजची ही सुमारे साडेबावीस पटींनी लहान प्रतिकृती. पितळी रूळ, स्लीपर, बारीक खडी, सांधे, बोगदे, सारे खऱ्यासारखे.

आमची बरीच वर्षे रेल्वेच्या गँगमनांत गेली. त्यामुळे इंजिनाआधी आमचे लक्ष रुळाखालच्या जमिनीकडे जाते. या चिमुकल्या मार्गालाही गँगमन लागतोच. आणि त्याला रोज काय काम पडेल, हे बरेचसे जनावरे ठरवतात.

इंग्लंडमधल्या बागेत ब्लॅकबर्ड नावाचा, आपल्या कस्तुराच्या गोतातला पक्षी असतो. गांडुळे शोधताना तो पालापाचोळा उडवतो, तशीच खडीही उडवतो. त्याच्या लेखी ती मातीच. त्यातला एक खडा सांध्यात अडकला, की सांधा पुरता मिटत नाही आणि गाडी घसरते. मोल नावाचा, जमिनीखाली बिळे खणणारा प्राणी मातीचे ढीग वर लोटतो. एका बाजूचा रूळ उचलला जातो आणि मार्गाची पातळी बिघडते. गोगलगाई रात्री रूळ ओलांडतात. त्यांच्या चिकट स्रावाने चाके घसरतात, रुळातून चाकांना मिळणारी वीजही खंडित होते. मालक मात्र इंजिन उघडून बसतो!

अशा वेळी पहिला विचार येतो विषाचा. गोगलगाईंसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकण्याची तिथे रीत होती. पण त्या गोळ्यांनी पक्षी आणि इतर प्राणीही मरतात, म्हणून २०२२ सालापासून ग्रेट ब्रिटनमध्ये उघड्यावर त्यांचा वापर बंद झाला. खरे पाहता गोगलगाई खाणारा हेजहॉग तिथेच असतो. अंगावर काटे, पण साळिंदराहून कितीतरी लहान असा हा जीव रात्रभर हिंडून किडे टिपतो. ही बिनपगारी रात्रपाळी! मोबदला एवढाच, की कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक ठेवावे आणि रुळाच्या भरावाची त्याच्या वाटेत भिंत करू नये.

हा धडा खऱ्या रेल्वेलाही लागू पडतो. जपानमध्ये कासवे रुळांमधून चालत जाऊन सांध्यात अडकत. ती चिरडली जात आणि गाड्याही खोळंबत. २०१५ साली पश्चिम जपान रेल्वेने कोबेच्या मत्स्यालयाच्या मदतीने सांध्याजवळ रुळांखालून काँक्रीटच्या पन्हळी बसवल्या. कासव त्या पन्हळीत उतरते आणि सुखरूप बाहेर पडते. गाडीही वेळेवर जाते.

कोणताही रूळ कुणाच्या तरी येण्याजाण्याच्या वाटेवरच पडतो. आपण नंतर आलो, तेव्हा वाट ठेवण्याचे काम आपले. ज्यांना बागेत असा मार्ग घालायचा असेल, त्यांनी भरावाखाली जागोजाग मोऱ्या ठेवाव्यात. रोज पहिली गाडी सोडण्यापूर्वी हातात ब्रश घेऊन मार्गावरून एक फेरी मारावी, सांधे झाडावेत आणि बोगद्यात वाकून पाहावे. आत कुणी निजले असेल, तर गाडी थोडी उशिरा सोडावी. या मार्गावर वेळापत्रक आपल्याच हाती असते.