बॅकअपला नावं ठेवा, पण नीट!

भेस्तानच्या लूम कारखान्यांत प्रत्येक ताक्यावर (आपला तागा हो) नंबर असतो. ओरॅकलच्या आरमॅनमध्ये बॅकअपचंही तसंच. नाव हाताने लिहायचं नाही. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे एक इंग्रजी अक्षर. लहान डी म्हणजे डेटाबेसचं नाव, एस बॅकअप सेटचा क्रमांक, पी तुकड्याचा. अक्षर लहान की मोठं, ते जपा! मोठा टी ८ आकडी तारीख देतो, लहान टी भलताच लांब आकडा.

मी एकदा फक्त नाव आणि तारीख दिली. बॅकअपचे दोन तुकडे झाले, दुसऱ्यालाही तेच नाव, आणि रात्रीचं काम तिथेच अडलं. तेव्हापासून सरळ मोठा यू; तो प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव देतो.

माझा लाडका मात्र मोठा एफ. कंट्रोल फाइलचा ऑटोबॅकअप साध्या फोल्डरात जात असेल, तर त्याच्या नावात डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक), तारीख आणि ०० ते एफएफ असा क्रमांक येतो. कंट्रोल फाइल उडाली आणि कॅटलॉग नसला, की हाच डीबीआयडी आधी द्यावा लागतो.

आरमॅन डेटाबेसला जोडल्याबरोबर हा डीबीआयडी कंसात दिसतो. आजच वहीत उतरवून ठेवा.