शेतांत सांपडलेलें कासवाचें पिलूं

पावसाळ्याच्या तोंडीं कयाधूच्या किंवा पैनगंगेच्या कांठच्या रानांत वखर चालूं असतां ओल्या ढेकळांतून कधीं कधीं दीड इंचाचें कासवाचें पिलूं बाहेर येतें. मुलें तें घरीं आणतात, कांचेच्या बरणींत घालून खिडकींत ठेवतात व पोळीचे तुकडे टाकतात. अशीं पिलें बहुधा फार दिवस जगत नाहींत.

कासवाच्या रक्तास स्वतःची ऊब नाहीं. ऊन मिळालें तरच त्याचें अन्न पचतें. शिवाय उन्हांतील अतिनील किरणांनीं अंगांत ड जीवनसत्त्व तयार होतें व त्याच्या योगें अन्नांतील चुना हाडांत मुरतो. खिडकीची कांच उजेड आंत येऊं देते, पण हे किरण अडवते. म्हणून उजेडांत ठेवलेल्या पिलाचींही हाडें मऊ पडतात. दुसरी अडचण पाण्याची. पिलूं ज्या पाण्यांत खातें त्यांतच मलमूत्र टाकतें. गोठा झाडला नाहीं म्हणजे जो उग्र वास नाकांत जातो तोच अमोनिया बरणींत सांचतो. बंदिस्त जागेंत कासवें वाढविणारांस याकरितां मोठी टाकी, पाणी गाळणारें यंत्र, उबेचा एक दिवा व अतिनील किरणांचा दुसरा, एवढा खटाटोप करावा लागतो.

आपल्या ओढ्यानाल्यांत आढळणारें, मागचे पाय पोटाच्या झडपांखालीं झांकणारें मऊ पाठीचें कासव तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. तें पाळणें हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे.

तेव्हां पिलूं धडधाकट असल्यास वखरापुढून उचलून जवळच्याच पाणवठ्याच्या कांठीं झुडपाच्या आडोशास ठेवावें. जखमी असल्यास मात्र रात्रीपुरता निवारा करावा. मातीची पसरट कुंडी घ्यावी. लोखंडी घमेलें उन्हांत लवकर तापतें व पिलूं त्यांत शिजून निघतें. एका बाजूस ओल्या वाळूचा उतार करावा, दुसरीकडे दोन बोटें खोल विहिरीचें पाणी घालावें व लपावयास एक फुटकें कौल पालथें ठेवावें. जखम ओली असेल तर पाणी न घालतां नुसत्या ओल्या फडक्यावर ठेवावें. मांजर व कावळा यांसाठीं वर जाळी बांधावी. नुकत्याच निघालेल्या पिलाच्या पोटांत अंड्यांतील बलक शिल्लक असतो. एक-दोन दिवस खावयास न घातल्यानें बिघडत नाहीं. दूध, भात मुळींच देऊं नये. हाताळल्यावर साबणानें हात धुवावेत, कारण कासवाच्या अंगावर आंतड्यांच्या रोगाचे जंतु असूं शकतात.

विहिरींत कासव सोडल्यास घरास बरकत येते असें आपल्याकडे मानतात. बरकतीविषयीं आम्ही कांहीं म्हणत नाहीं. परंतु बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतींस चढावयास उतार नसतो व तळाशीं ऊनही फारसें पोंचत नाहीं. कासव तेथें कोंडलेंच जातें.

वनखात्याचा दूरध्वनि क्रमांक १९२६ आहे. कळवितांना गांव, गट नंबर व पिलूं ज्या नाल्याजवळ सांपडलें त्याचें नांव सांगावें, म्हणजे बरें झाल्यावर तें त्याच पाण्यांत सोडतां येतें.