शहराच्या वेशीवर घर करताना



गळीत हंगाम संपला, शेवटच्या टोळीने कोप्या मोडल्या, की गट कार्यालयाच्या ओट्यावरच्या बोलण्याचे विषय बदलतात. हंगामात तोडणीची तारीख, काट्यावरची रांग, पहिला हप्ता. उन्हाळ्यात लग्ने आणि घरे. गेली काही वर्षे यातला घरांचा विषय भलताच वाढला आहे. "अमक्याच्या थोरल्यानं तळेगावला फ्लॅट घेतला", "तमक्यानं चाकणच्या अंगाला दोन गुंठे धरले", अशा बातम्या येतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "पोरगं तिकडं, सून तिकडं, नातवंडं तिकडं. मग आम्ही दोघांनी इथं वाडा राखत बसायचं का?"

प्रश्न घरगुती दिसतो. पण त्याच्या पोटात शेताचा, विहिरीतल्या हिश्शाचा आणि कारखान्याच्या शेअरचाही प्रश्न आहे. म्हणून आम्ही तळेगाव दाभाडे हे गाव हिंडून पाहिले, तिकडे बिऱ्हाड नेलेल्या आपल्या काही सभासदांशी बोललो. जे दिसले ते इथे मांडतो. जावे की न जावे हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

पैसा फंडाचे गाव

तळेगाव पुण्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, मुंबईच्या वाटेवर, मावळात आहे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या घराण्याचे हे गाव. हवा थंड, पाऊस पुण्याहून जास्त, चहूकडे भातखाचरे. त्यामुळे पुण्या-मुंबईची माणसे पेन्शनीत निघाली की इथे टुमदार बंगली बांधून राहत. गो. नी. दांडेकर इथे वर्षानुवर्षे राहिले आणि इथूनच गडकिल्ल्यांच्या वाटा तुडवीत राहिले.

याच गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की प्रत्येकाने एकेक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदा उभा करावा. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले. प्रवरानगरला १९५०-५१ साली आपला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या चाळीसएक वर्षे आधीची ही गोष्ट. थेंबे थेंबे भांडवल जमवून धुराडे उभे करणे काय असते, हे आपल्या सभासदाला वेगळे सांगायला नको.

१९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल धावू लागली. सकाळी डबा घेऊन पिंपरी-चिंचवडला कामावर जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, अशी रीत पडली. तरी गाव गावच राहिले. खरा फरक पडला तो नंतर. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, औद्योगिक वसाहत वाढली, पलीकडे चाकण फुगले. आज तळेगाव-चाकण रस्त्यावर पाळी सुटायच्या वेळी मालट्रकांची जी रांग लागते, ती पाहून आपल्या काट्यावरची रांग बरी म्हणावी लागते.

म्हणजे शांत गाव म्हणून लोक येतात, लोक आले म्हणून इमारती होतात आणि इमारती झाल्या की ज्या शांततेसाठी आलो तीच पुढच्या गावाला निघून जाते. शहराच्या वेशीवर घर करणाऱ्याने हे पहिल्यानेच मनात धरावे. वेस एका जागी थांबत नसते.

कोणाला मानवले, कोणाला नाही

आमच्या भेटीत दोन घरे ठळकपणे लक्षात राहिली. दोन्ही आपल्याच कार्यक्षेत्रातली. नावे देत नाही.

पहिल्या घरच्या वडिलांनी कालव्याखालची दोन एकर बागायत, विहिरीतल्या हिश्शासह विकून मुलाच्या फ्लॅटला पैसे दिले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नळाला पाणी, खाली बाग. मुलगा पाळीपाळीने कामावर, सूनबाई बँकेत. हे गृहस्थ सकाळी सहाला उठतात. आणि उठून करायचे काय, हा त्यांचा प्रश्न. "गावाकडं पाण्याची पाळी असली की रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जायचो, तव्हा वैताग यायचा. आता झोप येत न्हाई, अन् बांध बी न्हाई," असे ते म्हणाले. मुलाचा काही दोष नाही. पण फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर, आणि सातबारा दुसऱ्याच्या. आपल्या घरात आपणच पाहुणे झाल्यासारखे त्यांना वाटते आणि ते कोणाला बोलूनही दाखवता येत नाही.

दुसऱ्या घरच्यांनी शेत ठेवले. एक वर्ष भाड्याने राहून पाहिले. मावळातला आषाढ-श्रावण काढला आणि मे महिन्यातली टँकरची धावपळही पाहिली. मग मुलाने कर्जावर घर घेतले. आई-वडील दिवाळीपासून तोडणी उरकेपर्यंत गावी असतात, बाकीचे दिवस तळेगावी. शेत धाकट्या भावाला वाट्याने दिले आहे. कारखान्याकडे ऊसनोंद आपल्या नावावर, बिलही आपल्याच खात्यावर. सोसायटीचे कर्ज बिलातून परस्पर वळते होते. त्या बाई हसत म्हणाल्या, "तिकडं नातू सांभाळते, हिकडं म्हशी. दोन्हीकडून बोलावणं येतं, म्हणून मान आहे."

दोन्ही घरांत पैसा थोडाफार सारखा. फरक एवढाच, की एका घराने बुडखा उपटला आणि दुसऱ्याने राखला. लागणीचा ऊस तुटला तरी बुडखा जमिनीत असला म्हणजे खोडवा येतो. बुडखाच काढला तर नवे बेणे आणावे लागते, आणि साठीनंतर माणसाला नवे बेणे लवकर मिळत नाही.

नोकरी पक्की, पण कुठवर?

"पोराला मोठ्या कंपनीत नोकरी आहे, आता शेतीची काय गरज?" असे पुष्कळजण बोलतात. याच तळेगावात जनरल मोटर्सने २००८ साली मोटारींचा मोठा कारखाना सुरू केला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथले उत्पादन थांबले. पुढे ह्युंदाई कंपनीने तो कारखाना विकत घेतला. कारखान्याला दुसरा मालक मिळाला. पण मधल्या काळात ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते होते त्यांनी काय करायचे? आपल्या धंद्यात दुष्काळ येतो, साखरेचा भाव पडतो. तसे त्यांच्याही धंद्यात येते. एका घरात दोन आधार असावेत, एक पगाराचा आणि एक मातीचा. म्हातारीकोतारी माणसे एका आडावर गाव ठेवत नसत, ते याच हिशेबाने.

शहर आपणहून आले तर

काही गावांना शहराकडे जावे लागलेच नाही. शहरच त्यांच्याकडे आले. हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण सर्वांच्या ऐकिवात असेल. उसाची आणि भाजीपाल्याची ती जमीन विकास आराखड्यात शहरी वापराकडे वळू लागली, तेव्हा सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपापले तुकडे परभारे विकले नाहीत. चारशे एकरांवर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर असे ठरवले. २००० सालापासून बांधकाम सुरू झाले. शेतकऱ्यांची मुले त्याच कामात ठेकेदार झाली, धंदे करू लागली. ती संस्था सहकारी नव्हे, कंपनीच. पण रीत सहकाराची होती. एकेकटा गाठला गेला असता तर दलालाने काय भाव दिला असता, हे सांगायला नकोच.

त्याच हवेली तालुक्यात थेऊरचा यशवंत कारखाना, अण्णासाहेब मगरांनी उभा केलेला. त्याचे गाळप २०११ च्या सुमारास थांबले. त्याला कर्जाचे ओझे आणि इतरही कारणे होती, सारा दोष शहराच्या माथी मारता येणार नाही. पण धुराडे थंड पडले की उसाचा फड प्लॉट व्हायला वेळ लागत नाही, हे आपणही विसरू नये.

आणखी एक गोष्ट. आज ग्रामपंचायत म्हणून घेतलेले घर उद्या महापालिकेत जाऊ शकते. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली. कर शहराचा, पण पाणी-गटार-रस्ते गावाचेच, अशी ओरड पुष्कळ ठिकाणी झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरले. घरपट्टी आज किती, एवढे विचारून भागत नाही. पाच वर्षांनी किती, हेही धरून चालावे.

सही करण्याआधी

आता व्यवहाराच्या गोष्टी. या वाचून मगच इसारपावतीला हात घालावा.

पहिली आणि सर्वांत मोठी : सगळी शेती विकू नका. आपल्या राज्यात शेतजमीन घेणाऱ्याला साधारणपणे शेतकरी असल्याचा दाखला द्यावा लागतो. सातबाऱ्यावरचे शेवटचे नाव एकदा गेले की पुढे मन फिरले तरी एक गुंठा परत घेताना दमछाक होते. तुमचीच नव्हे, मुलांचीही. वीस-तीस गुंठे का होईना, नावावर राहू द्या.

दुसरी : बहिणींना आणि मुलींना आधी विचारा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे; महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ साली केली आणि २००५ पासून ती देशभर झाली. बहिणीची सही राहिली की व्यवहार कोर्टात अडकतो आणि माहेरचा उंबरा तुटतो. दुसरे नुकसान अधिक मोठे.

तिसरी : प्राप्तिकर. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून जमीन विकल्यावरही कर नाही, हा पुष्कळांचा समज आहे. खेड्यातली जमीन त्यातून सुटते. पण नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांवर असेल तर ८ किलोमीटरच्या आतली जमीन करपात्र धरतात. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. त्या पैशातून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींवर सवलत मिळते. जाणकाराला आधी विचारावे, पैसे खर्चून झाल्यावर नव्हे.

चौथी : "दोन गुंठे स्वस्तात" हे शब्द ऐकले की कान टवकारा. सामायिक सातबाऱ्यावर दहाजणांची नावे चढवून दिलेला तुकडा म्हणजे प्लॉट नव्हे. जमीन रहिवासी विभागात आहे का, रेखांकन मंजूर आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता फक्कीने आखलेला, हे पाहा. फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. आणि पाणी कोठून येते हे विकणाऱ्याला नव्हे, शेजारच्या इमारतीतल्या बाईमाणसांना विचारा; खरे उत्तर तिथेच मिळते.

पाचवी : घरासाठी बापाचा पैसा लागला असेल तर कागदावर आई-बापाचेही नाव असावे. हा अविश्वास नव्हे. बांध कोरायचा नसतो म्हणूनच खुणेचा दगड रोवतात.

सहावी, आपल्या घरची : बाहेरगावी राहायला जाणाऱ्या सभासदांनी शेअरवरील वारस नोंद करून घ्यावी, पत्ता बदलल्याचे कार्यालयात कळवावे आणि ऊसनोंद दुसऱ्याच्या तोंडी भरवशावर सोडू नये. शेत वाट्याने दिले असेल तर बोलणे कागदावर आणावे, मग भाऊ सख्खा का असेना.

शेवटी एवढेच

मुलांनी शहराजवळ घर करू नये असे आमचे म्हणणे नाही. शिक्षण घेतलेल्या मुलाने फडातच राबावे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आजारपणात दवाखाना जवळ असणे, नातवाचे बोट धरून शाळेपर्यंत जाणे, ही सुखे लहान नव्हेत. पण जायचे ते गाव तोडून जायचे की गावाला दुसरे दार काढून जायचे, एवढा विचार करावा.

कार्यक्षेत्रातल्या कितीतरी वाड्यांना आज कुलुपे आहेत. त्यांतली काही कुलुपे दिवाळीला उघडतात, अंगण सारवले जाते, विहिरीवर मोटर लागते. काही उघडतच नाहीत, कारण उघडायला यावे असे मागे काही ठेवलेलेच नाही. आपले कुलूप पहिल्या जातीचे राहावे, एवढी काळजी प्रत्येक सभासदाने घ्यावी, ही विनंती.