डिझेल कोण खातं?

सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्र अडून बसलं, की नांदेड-लातूरकडचा माणूस आधी पंपवाल्याला शिव्या घालतो. डिझेलमध्ये भेसळ! कधी ते खरंही असतं. पण फिल्टर उघडल्यावर आतून काळपट, बुळबुळीत गाळ निघाला, तर शेडमागे पावसाळाभर उभ्या असलेल्या २०० लिटरच्या बॅरलकडे एकदा बघून यावं. तिथे बहुधा कोणीतरी राहायला आलेलं असतं. कोणीतरी म्हणजे अक्षरशः जिवंत.

हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची एक बुरशी आहे. १९६०च्या दशकात विमानांच्या इंधनटाक्यांमध्ये तिचे गोळेच्या गोळे सापडू लागले, तेव्हा अभियंते चक्रावले होते. माणसाला विष असलेलं रॉकेल-डिझेल हे तिचं जेवण. डिझेलमधल्या कार्बनच्या लांब साखळ्या ती तोडते आणि त्यावर वाढते. अट एकच, थोडं पाणी हवं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं. दोघांची जिथे भेट होते, त्या पातळ सीमेवर हिचा संसार. वरून अन्न, खालून पाणी. दुधावरच्या सायीसारखा तिचा थर तिथे धरतो. तिच्या जोडीला जिवाणू येतात. थराखालचा ऑक्सिजन संपला की गंधकाच्या संयुगांवर जगणारे आणखी वेगळे जिवाणू कामाला लागतात, कुजक्या अंड्यांचा वास सोडतात आणि पत्र्याचा तळ कुरतडतात. सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. डिझेल पचवताना पाणीही तयार होतं. एकदा बस्तान बसलं, की ही मंडळी आपलं पाणी थोडंफार आपणच भरतात.

खनिज तेल हे मुळात प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचंच शिल्लक राहिलेलं रूप. ते पुन्हा सूक्ष्मजीवांच्याच पोटी जातं, यात निसर्गाच्या बाजूने काही वावगं नाही. याच गुणाचा उपयोग करून आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल फस्त करणारा स्यूडोमोनास जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० साली निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. समुद्रावर सांडलेल्या तेलासाठी जे वरदान, तेच आपल्या बॅरलमध्ये संकट.

पण मराठवाड्यात पाणी येतं कुठून? ज्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे डिझेलमध्ये मात्र ते न बोलावता शिरतं! उत्तर बॅरलच्या श्वासात आहे. दिवसा ४० अंशांना तापलेलं २०० लिटर डिझेल पहाटे २५ अंशांवर आलं, तर सुमारे अडीच लिटरने आक्रसतं. तेवढी जागा भरायला बाहेरची हवा झाकणाच्या आट्यांमधून आत ओढली जाते. हवेतल्या ओलाव्याचा हिशेब तसा फुटकळ, बॅरलभर दमट हवेतही पाणी जेमतेम काही ग्रॅम. खरा घात पाऊस करतो. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं, झाकण त्यात बुडतं, आणि गार होणारं बॅरल हवेऐवजी ते पाणीच ओढून घेतं. घट्ट आवळलेलं झाकणही नेहमी दाद देतंच असं नाही.

डिझेलवर चालणाऱ्या बोटीत पाण्याचा हा त्रास आणखी वाढतो. चौफेर दमट हवा, आणि लाटेने टाकी हिंदकळली की तळचा गाळ थेट इंजिनाकडे. नांगरलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरची टाकी काही कमी हिंदकळत नाही म्हणा. जुनी इंजिनं असं बरंच काही पचवायची. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटींहून जास्त दाबाने फवारलं जातं आणि नोझलमधल्या फटी केसापेक्षा कितीतरी पट बारीक असतात. तिथे एक थेंब पाणीही महागात पडतं.

उपाय मात्र अगदी साधे. बॅरल सावलीत, आडवं ठेवावं, दोन्ही झाकणं आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली राहतील अशी. मग बॅरल आत ओढणार कुठून? टाकी सुगीनंतर अर्धी सोडण्यापेक्षा भरलेली ठेवावी. काढताना नळी तळाला टेकवू नये, आणि तळचं पाणी अधूनमधून सोडून द्यावं. पाणी आहे का हे बघायला पेट्रोल पंपावर मोजपट्टीला लावतात ती पेस्ट मिळते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो.

बाजारात बुरशी मारणारी औषधंही आहेत, पण ती थेट टाकीत ओतण्याची घाई नको. मेलेली बुरशी विरघळून जात नाही, सुटून वर येते आणि पुढच्या फेरीतच फिल्टर गच्च करते. आधी तळ उपसून, टाकी धुऊन घ्यायची. औषधाचा नंबर त्यानंतर.