दुकानाच्या दारातला उजेड

सोलापुरात कापड घेताना जाणती बाई ट्यूबलाइटखाली रंग पक्का करत नाही. पदर हातावर घेऊन ती दुकानाच्या दारापर्यंत येते, उन्हात धरून बघते, मग भाव विचारते. आता साडीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि घरात वाद लागतो. आईला ती मोरपंखी दिसते, लेकीला निळी. फोन तोच, फोटो तोच.

कापडावरून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशात कापडाचा रंग असतो, तसा त्यावर पडलेल्या उजेडाचाही. मेंदू उजेडाचा वाटा नकळत वजा करतो. म्हणून तर पांढरा टॉवेल निळसर सावलीतही पांढरा आणि पिवळ्या बल्बखालीही पांढराच. दारात ऊन समोर असतं, त्यामुळे वजाबाकी सहसा चुकत नाही. फोटोत उजेडाचा माग लागला नाही, तर मेंदू अंदाज बांधतो, आणि तो ज्याचा त्याचा असतो.

फेब्रुवारी 2015 मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर हेच झालं. ड्रेस होता निळा-काळा. पण कित्येकांना तो पांढरा-सोनेरी दिसला. ड्रेस सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूनं धरलं, त्यांनी निळा वजा केला. तो पिवळ्या दिव्याखाली आहे असं ज्यांच्या मेंदूनं धरलं, त्यांनी पिवळा. संशोधक पास्कल वॉलिश यांनी 13 हजारांहून अधिक लोकांना विचारलं, तेव्हा पहाटे उठणाऱ्यांत, म्हणजे दिवसाच्या उजेडात जास्त वावरणाऱ्यांत, पांढरा-सोनेरी पाहणारे जास्त निघाले. आयुष्यभर ज्या उजेडात वावरलो, तो नजरेत मुरतो! त्यात वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, ते वेगळंच.

सोलापूरच्या विणकरांना मात्र मला दुसरीच गोष्ट सांगावीशी वाटते. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ शेव्रल. तक्रार आली, काळी लोकर फिकी पडते. त्यांनी ती इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरगळलेला दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. जॅकार्ड चादरीवर मरून नक्षी पांढऱ्याशेजारी एक दिसते, हिरव्याशेजारी दुसरी, ती याच कारणानं. अशा वेळी रंगाऱ्याला बोल लावण्याआधी शेजारचा धागा बघावा.

आणि साडीचा फोटो पाठवायचाच असेल, तर दिवसाउजेडी काढावा आणि साडीशेजारी एक पांढरा टॉवेल ठेवावा. सोलापुरात त्याला काय तोटा! त्या पांढऱ्यावरून दूरच्या लेकीला उजेड ओळखता येतो.