संकेतस्थळाची उभारणी आणि राखण

कोकणातील हापूस आंब्याची विक्री वर्षानुवर्षे दलाल आणि घाऊक बाजारपेठ यांच्यामार्फत होत आली आहे. बागायतदाराने पेटी भरावी, ती बाजारात जावी आणि तिचे काय झाले हे पट्टी हाती आल्यावरच त्याला कळावे, असा हा व्यवहार. अलीकडच्या काळात मात्र आपला माल थेट ग्राहकाच्या घरी पोचविणारे बागायतदार पुढे येऊ लागले आहेत. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे ‘हा आंबा खरोखरच कोकणातला आहे काय?’ या ग्राहकाच्या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देणे शक्य झाले. हे उत्तर नागपूरच्या किंवा पुण्याच्या ग्राहकापर्यंत नेण्याचे एक साधन म्हणजे बागायतदाराचे स्वतःचे संकेतस्थळ होय.

संकेतस्थळ उभारणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्याची राखण करणे. फळे धरल्यानंतर राखण न केलेल्या बागेची जी गत होते, तीच दुर्लक्षित संकेतस्थळाची होते.

नाव, जागा आणि पाने

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली माहितीच्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुले केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. एखाद्या लहान उत्पादकाला आज जगापुढे आपले दुकान मांडता येते, त्याचे मूळ या खुलेपणात आहे.

कोणत्याही संकेतस्थळाची तीन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे त्याचे नाव, अर्थात डोमेन. दुसरे अंग म्हणजे जागा. अहोरात्र चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर ही जागा भाड्याने मिळते व तिला होस्टिंग म्हणतात. तिसरे अंग म्हणजे त्या जागेत मांडलेली पाने. ग्राहकाला केवळ पाने दिसतात. परंतु व्यवसायाचे खरे हित पहिल्या दोन अंगांत गुंतलेले असते.

नाव कोणाच्या नावे?

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीसाठी नोंदविले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट इन’ या भारतीय नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते आणि प्रत्यक्ष नोंदणी मान्यताप्राप्त नोंदणीदारांकडे होते. देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ हे नावही २०१४ पासून उपलब्ध आहे.

येथेच पुष्कळांची फसगत होते. संकेतस्थळ तयार करून देणारी व्यक्ती सोयीसाठी डोमेनची नोंदणी स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर करते. पहिली काही वर्षे सारे सुरळीत चालते. पुढे ती व्यक्ती धंदा बदलते, गाव सोडते किंवा व्यवहारावरून मतभेद होतात. त्या वेळी पेट्यांवर छापलेला, ग्राहकांच्या तोंडी बसलेला पत्ता आपल्या मालकीचा नाही, हे बागायतदाराच्या ध्यानी येते. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून कोणी बाग लावीत नाही. डोमेनच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. नोंदणी मालकाच्या किंवा गटाच्या नावे असावी. नोंदणीचा ई-मेल व मोबाइल क्रमांक स्वतःचा असावा. पासवर्ड जपून ठेवावेत आणि ते कोठे ठेवले आहेत हे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावे.

मुदतीचेही तसेच आहे. नूतनीकरणाची तारीख ऐन पावसाळ्यात येते आणि हंगाम सरल्यामुळे सूचनांकडे कोणी पाहत नाही. मुदतीनंतर काही दिवसांची सवलत सामान्यतः मिळते. तीही उलटली की ते नाव पुन्हा बाजारात येते व कोणासही घेता येते. जुन्या ग्राहकांच्या विश्वासावर मग तिऱ्हाईत माणूस आपले दुकान थाटू शकतो.

पानांवर काय असावे

आंब्याची जात, बागेचे गाव, पेटीतील फळांची संख्या, भाव, पोचविण्याचा खर्च आणि फळ खराब निघाल्यास भरपाईची पद्धत, एवढी माहिती स्पष्ट असावी. भौगोलिक निर्देशांकाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असल्यास तिचा उल्लेख जरूर करावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधील मजकूर इतरांच्या यंत्रावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसतो, तर जाहिरातीचे नुसते चित्र चिकटविल्यास त्यातील शब्द शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत. बहुतेक ग्राहक पाने मोबाइलवर पाहतात. म्हणून छायाचित्रे आकाराने लहान करूनच चढवावीत.

संकेतस्थळावरून प्रत्यक्ष विक्री होत असल्यास २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम लक्षात घ्यावे लागतात. विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क यांबरोबरच तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे त्यांत अपेक्षित आहे.

वर्षभराची निगा

गतवर्षीचा भाव दाखविणारे पान हे मुळीच पान नसण्यापेक्षा अधिक घातक असते. ग्राहक त्या भावाने मागणी नोंदवितो, त्याला नकार मिळतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. यास्तव फळ तयार होण्यापूर्वी भाव व तारखा बदलाव्यात, हंगामात दर आठवड्याला उपलब्धता तपासावी आणि हंगाम संपताच तसे ठळकपणे लिहावे. पावसाळ्याच्या निवांत दिवसांत संपूर्ण संकेतस्थळाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी, डोमेन व होस्टिंगची मुदत पाहावी. वर्डप्रेससारख्या प्रणालीतील सुधारणा मात्र उपलब्ध होताच करून घ्याव्यात, कारण जुनी राहिलेली प्रणाली ही चोराला उघडी सापडलेली खिडकी असते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही चालू असले पाहिजे. अशी जोडणी नसलेल्या स्थळाला क्रोम ब्राउझर २०१८ पासून ‘असुरक्षित’ असा शिक्का मारतो.

प्रत्येकालाच संकेतस्थळ हवे असे नाही. परिचितांमध्येच सारा माल खपत असेल, तर दूरध्वनी पुरेसा आहे. समाजमाध्यमावरील पानही सुरुवातीला उपयोगी पडते. परंतु ते दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दुकान आहे. ओसरीचा मालक केव्हा नियम बदलील, याचा नेम नसतो.

गावातील बचत गट किंवा तरुण उत्पादक संकेतस्थळाचा विचार घेऊन आले, तर पंचायत सदस्यांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी त्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. डोमेन कोणाच्या नावे आहे? त्याची मुदत केव्हा संपते? पुढील वर्षी पानांवरील भाव कोण बदलणार? शिक्षकांना मजकुराची भाषा शुद्ध व सुबोध करून देता येईल. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून झाल्यानंतरच कामाची पहिली रक्कम द्यावी.