मारिओचा खरा वेग

महाराष्ट्रात १९९०च्या दशकात वाढलेल्या हजारो मुलांनी निन्टेंडोचे खेळ खेळले, पण निन्टेंडोचं यंत्र फार थोड्यांनी पाहिलं. घरात यायचा तो ‘टीव्ही गेम’. दिवाळीच्या सुट्टीत हट्ट करून मिळवलेला, नाहीतर व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातून भाड्याने आणलेला. त्याच्या खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असे, आणि आत मारिओ, कॉन्ट्रा, बलून फाइट, आइस क्लायंबर. पिवळ्या किंवा राखाडी कॅसेटवर शेकडो खेळांचा दावा छापलेला आणि प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ फिरून फिरून येणारे. या खेळांमागे क्योटोतली एक कंपनी आहे, ते तिच्या यंत्रासाठी लिहिले गेले आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून निन्टेंडोने आपलंच जुनं यंत्र तळहातावर मावेल एवढं करून पुन्हा विकायला काढलं, तेव्हा ते घ्यावं असं मला फार मनापासून वाटलं. जुन्या आठवणी हे त्याचं एक कारण होतं. त्याहून मोठं कारण असं, की आपण लहानपणी जे खेळलो ते मुळात कसं होतं, हे एकदा नीट पाहायचं होतं.

मूळ यंत्र म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर, जपान्यांच्या तोंडी फॅमिकॉम. ते १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीला आलं. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याने केली. स्वस्तात बसवायचं म्हणून त्याला प्रत्येक गोष्टीत काटकसर करावी लागली. मुख्य चिपचा वेग १.७९ मेगाहर्ट्‌झ, कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट, आणि पडद्यावर २५६ बाय २४० ठिपक्यांचं चित्र. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या चित्राच्या चिपला काढताच येत नसत. नववी आली की ती गायब होई. लहानपणी गोळ्या आणि शत्रू यांची गर्दी झाली की चित्र लुकलुकायचं, त्याचं कारण हे. आम्ही मात्र कॅसेटचा दोष समजून ती बाहेर काढून फुंकायचो आणि पुन्हा बसवायचो.

या चौकटीत बसून १९८५ साली शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ रचला. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कित्येक पट मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांची आकृती एकच ठेवली, फक्त रंग बदलला. कोजी कोंदोचं संगीतही त्याच ४० किलोबाइटमध्ये. या माणसांबद्दल मला वाटणारा आदर, हे आकडे कळल्यापासून वाढतच गेला आहे.

अमेरिकेत हे यंत्र १९८५च्या अखेरीस एनईएस या नावाने, वेगळ्या राखाडी खोक्यात गेलं. छोटी आवृत्ती नोव्हेंबर २०१६मध्ये आली तीही दोन रूपांत: जपानसाठी लाल-पांढरा फॅमिकॉम मिनी, बाकीच्यांसाठी राखाडी एनईएस क्लासिक. दोन्हींत प्रत्येकी ३० खेळ कायमचे भरलेले. कॅसेटची खाच नुसती दिसायला. अमेरिकेत किंमत ५९.९९ डॉलर होती. मागणी इतकी, की दुकानात आला रे आला की माल संपे आणि फेरविक्रीवाले दुप्पट-तिप्पट भाव लावत. एप्रिल २०१७मध्ये उत्पादन थांबलं तोवर २३ लाख यंत्रं विकली गेली होती. जून २०१८मध्ये ती पुन्हा काही काळ मिळू लागली, नंतर बंद झाली ती झालीच. आता मिळेल ते वापरलेलं, किंवा कुणी जपून ठेवलेलं.

माझं अमेरिकी रूपातलं, परदेशात राहणाऱ्या आतेबहिणीने तिथल्या एका वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून घेऊन पाठवलं. आपल्या बाजारात त्याच आकाराचे, ‘६२० खेळ’ असं छापलेले डबे अगदी स्वस्तात मिळतात, त्यांच्याशी याची गल्लत करू नये. बहुतेक डब्यांच्या मागे लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जुनी जोडणी असते. खऱ्या यंत्राला एचडीएमआय आहे आणि वीज साध्या मायक्रो यूएसबीवर, ५ व्होल्टची. खऱ्याची यादी ३०वर थांबते, आणि प्रत्येक खेळ परवाना घेऊन घातलेला आहे.

आत काय आहे? ऑलविनर आर१६ नावाची चार गाभ्यांची चिप, म्हणजे स्वस्त टॅब्लेटमध्ये असते तशी. २५६ मेगाबाइट स्मृती, ५१२ मेगाबाइट साठवण आणि लिनक्स. म्हणजे १९८३ची चिप इथे नाहीच. तिचं वागणं हुबेहूब करून दाखवणारा कार्यक्रम आहे. तो पॅरिसमधल्या निन्टेंडोच्या संशोधन विभागाने लिहिला. मोबिक्लिप ही तिथली फ्रेंच कंपनी निन्टेंडोने २०११मध्ये विकत घेतली होती, तिचाच हा विभाग झाला. या लोकांनी नुसते खेळ चालवून दाखवले नाहीत, चुकासुद्धा जपल्या. आठ आकृत्यांची मर्यादा पाळली, लुकलुकणं राहू दिलं.

चित्राचे तीन प्रकार निवडता येतात आणि ते सविस्तर पाहण्यासारखे आहेत. मूळ यंत्राचे ठिपके जुन्या टीव्हीवर चौरस पडत नसत, थोडे आडवे ताणले जात. ‘पिक्सेल परफेक्ट’ निवडलं की प्रत्येक ठिपका चौरस होतो, चित्र रेखीव दिसतं आणि मारिओ किंचित बारीक होतो. ४:३ निवडलं की तो आपल्या ओळखीच्या अंगाने दिसतो. तिसऱ्या प्रकारात जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषांचा आभास येतो. मी ४:३वर खेळते. चित्रकारांनी ताणलं जाणारं चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच काम केलं होतं, म्हणून तेच खरं मानावं, असं माझं मत.

खेळ कुठेही थांबवून ठेवण्याची सोय नवी आहे. प्रत्येक खेळाला चार जागा. त्यासाठी यंत्रावरचं रिसेट बटण दाबावं लागतं, आणि इथे रिमोटच्या वायरचा प्रश्न येतो. ती साधारण ७६ सेंटिमीटर आहे. मूळ एनईएसची दोन मीटरहून लांब होती. आपल्या दिवाणखान्यात टीव्ही एका भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला. म्हणून जोडवस्तूंत सगळ्यात आधी वायर लांबवणारी केबल घ्यावी. ती कुणी बनवली याने फारसा फरक पडत नाही. पिना घट्ट बसतात ना, एवढं पाहावं. यंत्राचा रिमोट ज्या सॉकेटमध्ये बसतो ते निन्टेंडोच्याच वी यंत्राच्या जोडणीचं असल्याने वीचा क्लासिक कंट्रोलरही इथे चालतो. ज्याचे अंगठे मोठे आहेत त्याला तो बरा पडतो. बिनवायरचे रिमोटही मिळतात. एटबिटडो या चिनी कंपनीने यासाठी छोटा रिसीव्हर काढला होता, तो सॉकेटमध्ये लावला की ब्लूटूथ रिमोट जोडता येतो.

मी शेवटी वायरवरच राहिले. कारण उशीर. हे खेळ सेकंदाला ६० चित्रांनी चालतात, म्हणजे एक चित्र पडद्यावर सुमारे १७ मिलिसेकंद. आजचा टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात तीन-चार चित्रांइतका वेळ सहज घेतो, त्यात बिनवायरचा थोडा. बातम्या पाहताना हे कळणार नाही. ‘पंच आउट’ खेळताना लगेच कळतं, कारण तिथे समोरच्याचा खांदा हलल्याबरोबर बाजूला व्हायचं असतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो आधी चालू करावा. पैसे न घालता होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा.

दादा दिवाळीत घरी आला तेव्हा आम्ही मारिओ लावला. त्याने पहिली उडी खड्ड्यात घेतली, दुसरीही. मग म्हणाला, “हा पळतोय का?” मलाही पहिल्यापासून तसंच वाटत होतं. गाणंसुद्धा घाईत असल्यासारखं. माळ्यावरून जुना टीव्ही गेम काढला, उलटा केला, आणि तळाशी छापलेली तीन इंग्रजी अक्षरं दिसली: पाल.

उत्तर त्या तीन अक्षरांत होतं. जपान-अमेरिकेचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला ६० या ठेक्यावर चाले, आपलं आणि युरोपचं बरंचसं पाल पद्धतीचं, ५०वर. फॅमिकॉमचे खेळ वेळ मोजतात ते चित्रांवरून: एका चित्राला मारिओ इतका पुढे, इतक्या चित्रांनंतर पुढचा सूर. ५०च्या यंत्रावर तोच खेळ घातला की सगळंच मंदावतं. मूळ यंत्रावर एका मिनिटात होणारी गोष्ट इथे ७२ सेकंद घेते. निन्टेंडोने युरोपसाठी मारिओची वेगळी, वेग सावरलेली आवृत्ती काढली होती. नकली यंत्रं मात्र जपानी-अमेरिकी आवृत्त्याच चालवत. पाल देशांसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांची घडण त्यासाठीच थोडी बदलली होती: हे खेळ अडखळू नयेत, सुराची पट्टी जवळपास मूळचीच राहावी. ठेका तेवढा ५०चा राहिला. रशियात डेंडी या नावाने विकल्या गेलेल्या यंत्राचीही हीच तऱ्हा.

म्हणजे ज्यांच्या घरी पाल टीव्ही गेम होता, त्यांच्या हातांनी मारिओचा एक संथ अवतार शिकून घेतला. छोट्या एनईएसमध्ये, युरोपात विकल्या गेलेल्यातही, खेळ ६०नेच चालतात. हा खरा वेग. हात बसायला आम्हाला वेळ लागला, पण बसल्यावर खेळ उलगडला. पळत येऊन उडी, उडीतून पुढच्या फळीवर, न थांबता. हे सगळं त्या वेगासाठी मोजून रचलेलं आहे. मियामोतो-तेझुकांची कारागिरी मला तेव्हा पहिल्यांदा अंगाने कळली.

हा फरक किती मोठा असतो याचा पुरावा सोनीच्या अशाच छोट्या यंत्राने, प्लेस्टेशन क्लासिकने दिला. डिसेंबर २०१८, ९९.९९ डॉलर, २० खेळ. त्यातले नऊ ५०च्या युरोपीय आवृत्तीचे घातले होते, ‘टेकन ३’ त्यांतलाच. मारामारीचा खेळ मंद चालला की जाणकारांना तो लगेच टोचतो. टीका झाली आणि काही महिन्यांतच किंमत कोसळली. उलट सेगाने सप्टेंबर २०१९मध्ये मेगा ड्राइव्ह मिनी काढताना काम जपानच्या एम२ या जुन्या खेळांत मुरलेल्या मंडळींकडे दिलं. ४२ खेळ, आणि ‘डेरियस’सारखा त्या यंत्रासाठी नव्याने बांधलेला खेळही त्यात. या जातीतलं सगळ्यात मन लावून केलेलं काम कुठलं, असं विचारलं तर मी त्याचं नाव घेईन.

एक गोष्ट मात्र या छोट्या यंत्रांना परत आणता आलेली नाही. बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा ‘डक हंट’ एनईएस क्लासिकमध्ये नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. चाप ओढला की पडदा एक क्षण काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड दिसला का ते पाही. जुन्या टीव्हीवर चित्र ओळीओळीने, ठरल्या क्षणी रंगवलं जाई. संवेदक त्याच स्पंदनाला जुळवलेला होता. आजच्या पडद्यावर ते स्पंदनही नाही आणि तो क्षणही नाही. चित्रनळीचे टीव्ही भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर त्या बंदुकीचे खेळ गेले.

खेळ नाहीसे होणं ही सवयीची गोष्ट झाली आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं, की तिथे २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात कुठेच विकत मिळत नव्हते. जे वाचतात ते निन्टेंडो-सेगासारख्यांच्या नावाजलेल्या खेळांपैकी. त्यांच्यासाठी छोटी यंत्रं आहेत, न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला स्ट्राँग संग्रहालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४पासून क्योटोजवळच्या उजीत निन्टेंडोचं स्वतःचं संग्रहालय, कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या जागेत. उएमुरा निवृत्तीनंतर क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात याच विषयावर शिकवत. २०२१मध्ये ते गेले.

आपला संथ मारिओ मात्र या कुठल्याच यादीत नाही. तो नकली होता हे खरं, आणि नकलेचं समर्थन मी करत नाही. पण महाराष्ट्रातली मुलं प्रत्यक्षात तोच खेळली, आणि कुठल्या खोक्यात, कुठल्या चिपवर, काय भाड्याने, हे आपल्याकडे नीट नोंदलेलं मला कुठे आढळलं नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर वापरलेलं, खरं एनईएस क्लासिक घ्या. सोबत लांब केबल घ्या आणि गेम मोड चालू करा. जपानी लिपी येत नसेल तर फॅमिकॉम मिनी देखणा असला तरी टाळा, त्यातले खेळ जपानी आवृत्तीचेच आहेत. आणि माळ्यावर जुना टीव्ही गेम असेल तर यंदाच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. त्याचा तळ, खोका, कॅसेटवरची चिठ्ठी यांचे फोटो काढा, कुठून आणि कितीला घेतला ते आई-बाबांना विचारून लिहून ठेवा. आतली चिप पाहता आली तर तिच्यावरचा क्रमांकही टिपून घ्या.